सव्वा महिन्याचे पंचांग

मालवणच्या वाडीवस्तीत एखाद्या घरी मूल जन्मले म्हणजे त्या घराचा कारभार काही काळ नेहमीच्या पंचांगाच्या हातून निघून एका निराळ्याच पंचांगाकडे जातो. तिथी, वार, नक्षत्र आणि दर्यावर्दी लोकांना जिवापाड महत्त्वाची वाटणारी भरती-ओहोटीची वेळ, ही सारी आपापल्या जागी असतातच. परंतु घरातील वडीलधारी स्त्री मनातल्या मनात मोजीत असते ती पाचवी, सहावी, दहावा, बारावा आणि सव्वा महिना. या प्रत्येक दिवसाचे कृत्य ठरलेले, त्याला लागणारे सामान ठरलेले, आणि त्या दिवशी घरात कोणी यायचे व कोणी उंबरठ्याबाहेरच थांबायचे हेही ठरलेले. अलीकडे याच घरात दुसरेही एक पंचांग येऊ लागले आहे. ते छापील तक्त्याच्या रूपाने आशा स्वयंसेविकेच्या पिशवीत असते आणि त्यातील दिवस आहेत तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा व बेचाळिसावा. मूल घरीच जन्मले असेल तर पहिला दिवसही त्यात मिळविला जातो. एक पंचांग आजीच्या स्मरणात, दुसरे सरकारच्या दप्तरात. एकाची भाषा देवधर्माची, दुसऱ्याची थर्मामीटर आणि वजनकाट्याची. तरीही दोहोंचा आवाका जवळजवळ तितक्याच दिवसांचा असावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. एकाच भयातून दोन्ही उपजली आहेत, आणि ते भय कशाचे होते हे उमगले म्हणजे जुन्या रिवाजांपैकी काय जपावे व कशाला निरोप द्यावा, याचा निवाडा करणे नव्या आईबापांना पुष्कळच सोपे जाते.

वैद्यकशास्त्र जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांना नवजात अवस्था म्हणते. या अवस्थेत जी बालके दगावतात त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच दगावतात. म्हणजे आयुष्याचा सर्वांत धोक्याचा काळ म्हाताऱ्यांच्या वाट्याला येतो तसाच तो नुकत्याच जन्मलेल्यांच्याही वाट्याला येतो. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजार जन्मांमागे ११ आणि सबंध देशाचे २० असे आढळले. आपल्या आज्यांच्या व पणज्यांच्या काळी हे प्रमाण याच्या कितीतरी पट होते. आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी माता झाल्या आणि त्यांचा मुलगा अवघ्या दहा दिवसांत, योग्य उपचारांच्या अभावी गेला. त्या दुःखातूनच वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय दृढ झाला, आणि १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तोही आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. दहाव्या दिवशी पाळणा रिता होणे ही त्या काळी घरोघरची हकीगत होती. ज्या समाजाला असे दिवस मोजावे लागले, त्याने बाराव्या दिवसापर्यंत मुलाचे नावही ठेवू नये, यात नवल ते काय!

आज मालवण तालुक्यातील बहुतेक प्रसूती रुग्णालयात होतात. कोणी शहरातील ग्रामीण रुग्णालयात जाते, कोणी खासगी दवाखान्यात, आणि अडचणीच्या प्रकृतीची बाई ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थांतून झाल्याचे दिसले. सुईणीचा अंमल अशा रीतीने संपला असला, तरी प्रसूती सुरळीत झाल्यास दोन-तीन दिवसांत बाळबाळंतीण घरी येतात आणि खरी कसोटी तेथूनच सुरू होते. पहिले बाळंतपण माहेरी, हा शिरस्ता कोकणात अजून पुष्कळ ठिकाणी पाळला जातो. माजघरालगतची खोली झाडूनपुसून तयार असते, न्हाणीतील चुलीवर तांब्याचा हंडा चढलेला असतो, चुलीशेजारी चुडते, सोडणे आणि करवंट्या रचून ठेवलेल्या असतात. सोयर असल्यामुळे दहा दिवस बाहेरच्यांनी शिवायचे नाही, बाळंतिणीने चुलीपाशी जायचे नाही, देवाला हात लावायचा नाही, असा बंदोबस्त असे. त्याला अशौचाचे नाव दिले गेले आणि त्यामुळे बाळंतीण जणू अपवित्र ठरली, हा त्यातील दोष; परंतु नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला दहा दिवस कामातून सोडविणे आणि वाडीभरच्या लोकांना पाळण्यापासून दूर ठेवणे, हे त्याचे फळ मात्र खरोखर हितकारक होते. व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या वैद्याने १८४७ साली असे दाखवून दिले की, प्रसूतीपूर्वी डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतले म्हणजे सूतिकाज्वराने मरणाऱ्या माता झपाट्याने कमी होतात. रोग माणसांच्या हातांवरून चालत येतो, हा त्याचा धडा. तेव्हा आजच्या घरात सोयराचा विधी पाळावा की न पाळावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न असला, तरी साबणाने हात धुतल्यावाचून बाळाला कोणी घेऊ नये आणि सर्दी-खोकल्याच्या माणसाने पडवीतूनच कौतुक करून परत जावे, हा नियम सर्वांनाच लागू करावा.

बाळाची पहिली गरज उबेची. गर्भाशयाच्या ओल्या, उबदार जगातून ते एकाएकी बाहेर येते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा विस्तार मोठा, तिच्याखालील मेद थोडा, आणि थंडीने कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची मोठ्यांची युक्ती त्याला अजून साधलेली नसते. त्यामुळे मालवणसारख्या दमट, उबदार हवेच्या गावीही ओल्या लंगोटात किंवा पंख्याच्या झोतात राहिलेले मूल गार पडू शकते. उलट, वैशाखात लोकरी कुंची, दोन दुपटी आणि वर शाल अशा थाटात गुंडाळलेले मूल तापते, आणि ताप आला म्हणून घरची माणसे घाबरतात. शरीराचे तपमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असावे. थर्मामीटर नसला तर हाताच्या पाठीने बाळाचे पोट व तळपाय चाचपून पाहावेत. दोन्ही कोमट असतील तर सारे ठीक. पोट ऊन आणि पाय गार असतील तर थंडी बाधू लागली आहे असे समजावे. अशा वेळी सर्वांत उत्तम शेगडी म्हणजे आईची छाती. कोलंबियातील बोगोटा शहरी १९७८ मध्ये उबवणीच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा तेथील डॉक्टरांनी कमी वजनाची मुले आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा भिडवून ठेवण्याची तजवीज केली, आणि आज जगभरची रुग्णालये तोच उपाय सांगतात. आई दमली असेल तर बापाची छातीही तितकीच कामी येते, ही गोष्ट आपल्याकडे अजून पुरेशी रुजलेली नाही.

उबेचा प्रश्न कोकणात पावसाळ्यात फार बिकट होतो. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. पडवीभर दोऱ्या बांधून वाळत घातलेली दुपटी संध्याकाळी हाताला लागतात ती सकाळी होती तितकीच ओलसर. मग निखाऱ्यांच्या शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर कपडे पसरायचे, ही जुनी रीत. कपडे त्याने वाळतात हे खरे. परंतु शेगडी बाळंतिणीच्या बंद खोलीत ठेवण्याचा मोह आवरलाच पाहिजे, कारण जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंग-गंधहीन असून प्राणघातक आहे. शेगडी पडवीत, मूल माजघरात, आणि मधली खिडकी वाऱ्याला मोकळी, एवढा बंदोबस्त झाला म्हणजे पुरे. साचल्या पाण्याच्या दिवसांत पाळण्यावर मच्छरदाणी हवी, हे सांगणे नलगे.

दुसरी गरज दुधाची, आणि येथे जुने पंचांग सपशेल चुकले होते. प्रसूतीनंतर पहिले दोन-तीन दिवस येणारा घट्ट, पिवळसर चीक अशुद्ध समजून पिळून टाकावा आणि तोवर बाळाला मध, गुळाचे पाणी किंवा तूप चाटवावे, ही वहिवाट महाराष्ट्रात सर्वत्र होती. जातकर्म संस्कारातच मध व तूप चाटविणे सांगितलेले असल्यामुळे तिला शास्त्राधारही लाभला. वस्तुतः हा चीक म्हणजे आईने आपल्या रोगप्रतिकारशक्तीचा बाळाच्या नावे केलेला पहिला दस्तऐवज होय. त्यातील प्रतिपिंडे बाळाच्या कोवळ्या आतड्याच्या अस्तरावर पसरून जंतूंना आत शिरू देत नाहीत. मधात मात्र एका विशिष्ट जंतूची बीजे असू शकतात; मोठ्यांच्या पोटात ती निरुपद्रवी ठरतात, परंतु वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे करणारे विष निर्माण करतात. हा रोग १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. म्हणून वर्ष पुरे होईपर्यंत मधाचे बोट नाही, आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही नाही, असा आजचा दंडक आहे.

चीक फार थोडा येतो म्हणून घरची माणसे काळजीत पडतात. पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी मावते तेच मुळी पाच ते सात मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचा-सव्वा चमचा. त्यामुळे त्याला दर दोन-तीन तासांनी, रात्रीबेरात्रीसुद्धा, पाजावे लागते. पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. ते उतरलेले पाहून 'दूध पुरत नाही' असा निकाल देऊन वरच्या दुधाचा डबा उघडणे ही नव्या काळातील सर्वांत सामान्य चूक. दूध पुरते की नाही याची खातरजमा लंगोटावरून होते: पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी, आणि काळपट-हिरवी चिकट शी जाऊन तिच्या जागी मोहरीसारखी पिवळी शी आली, म्हणजे बाळाला भरपूर मिळते आहे. ज्यांच्या आईला दूधच येऊ शकत नाही अशा आजारी व अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली. एकीचे दूध दुसरीच्या लेकराला, हा आपल्या वाड्यांतून पूर्वापार चालत आलेला उपकार तेथे तपासून, निर्जंतुक करून, शास्त्राच्या कसोटीस उतरला.

बाळंतिणीच्या आहाराचे प्रकरण मालवणात मोठ्या प्रेमाने लिहिले गेले आहे. सकाळी उकड्या तांदळाची ऊन-ऊन पेज, मध्यंतरी अळिवाचे, डिंकाचे अगर मेथीचे लाडू, जेवणानंतर बाळंतशेप आणि ओवा. 'पेज जेव आणि पडान रव' हा आजीचा हुकूम, आणि त्यात आहारशास्त्र व विश्रांतीशास्त्र दोन्ही आले: पेजेतून पाणी व पिष्ट मिळते, अळिवातून लोह, डिंकलाडवातील खोबरे-खारकांतून उष्मांक, आणि पाजणाऱ्या आईला रोज सुमारे पाचशे उष्मांक जादा लागतातच. समुद्राकाठच्या घरांत दूध वाढावे म्हणून मोरीचे कालवण बाळंतिणीला आवर्जून घालतात. मोरी म्हणजे लहान जातीचा शार्क. तिच्यात उत्तम प्रथिने आहेत यात शंका नाही. पण शार्क हा दुसरे मासे खाऊन जगणारा मासा असल्यामुळे समुद्रातील पारा त्याच्या मांसात साठत जातो, आणि तो आईच्या दुधावाटे बाळापर्यंत पोहोचू शकतो. मोरी कधीतरी चवीपुरती आणि एरव्ही बांगडा, तारली, मांदेली अशी लहान मासळी, असा फेरफार केला तर आजीचा हेतूही राहतो आणि पाराही टळतो. पथ्याच्या नावाखाली भाजी, फळे व पाणी तोडण्याचा जो कडकपणा काही घरांत दिसतो त्याला मात्र काही आधार नाही. पाणी तोडलेल्या बाळंतिणीला बद्धकोष्ठ आणि मूत्रमार्गाचे विकार तेवढे जडतात.

आता पाचवी-सहावीकडे वळू. पाचव्या-सहाव्या रात्री पाटावरवंटा मांडतात, त्याशेजारी कोयती ठेवतात, कोरा कागद आणि दौत-लेखणी ठेवतात, कारण त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या भाळी ललाटलेख लिहून जाते, अशी समजूत. घरातील बायका जागरण करतात. दिवा विझू देत नाहीत. या रात्रीचीच एवढी धास्ती का असावी? याचे एक उत्तर धनुर्वातात सापडते असे मानण्यास जागा आहे. मातीत व शेणात राहणारी त्या रोगाची बीजे अस्वच्छ पात्याने कापलेल्या, राख किंवा शेण लावलेल्या नाळेच्या जखमेतून शरीरात शिरत. पहिले दोन दिवस व्यवस्थित रडलेले व प्यायलेले मूल मग एकाएकी स्तन तोंडात धरीनासे होई, त्याची दातखीळ बसे, अंग धनुष्यासारखे वाकू लागे. ही लक्षणे तिसऱ्या दिवसानंतर केव्हाही, पण बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसत. धडधाकट मूल सहाव्या-सातव्या दिवशी डोळ्यांदेखत जावे, याला अदृष्टाच्या लेखणीवाचून दुसरा खुलासा त्या माउल्यांना कोठून मिळणार? गरोदरपणी मातेला धनुर्वाताची लस, निर्जंतुक पाते आणि कोरडी नाळ, या तीन साध्या गोष्टींनी ती लेखणी हिरावून घेतली. २०१५ साली भारतातून माता-नवजातांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे प्रमाणित करण्यात आले, म्हणजे देशाच्या प्रत्येक जिल्ह्यात त्याचे प्रमाण हजार जन्मांमागे एकाहूनही खाली आले. नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप गळते. तोवर तिला हळद, तेल, पावडर काहीही लावू नये. लंगोट तिच्या खाली बांधावा. सटवाईची पूजा हौसेने करावी, पण कोयती पूजेपुरतीच राहावी.

याच दिवसांत अनेक बाळे पिवळी पडतात. पूर्ण दिवसांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अशी कावीळ दिसते. जन्मतः असलेल्या जादा तांबड्या पेशी मोडताना निघणारे पिवळे द्रव्य बाहेर टाकण्याइतके यकृत अजून तयार झालेले नसते, म्हणून ती होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. परंतु पहिल्या चोवीस तासांतच दिसलेली, किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ मेंदूला इजा करू शकते. १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात वॉर्ड नावाच्या एका परिचारिकेच्या लक्षात आले की, बागेत उन्हात नेलेल्या पिवळ्या बाळाचा उघडा भाग फिका पडतो आणि दुपट्याखाली झाकलेला भाग मात्र तसाच पिवळा राहतो. या निरीक्षणातूनच निळ्या प्रकाशाचा उपचार जन्मला, जो आज जिल्ह्याजिल्ह्यांतील नवजात कक्षांत चालतो. कोवळे ऊन दाखविणे म्हणजे हा उपचार नव्हे. त्याची मात्रा मोजता येत नाही. जुन्या रिवाजातील बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीचा खरा तोटा येथे ध्यानात येतो: मिणमिणत्या उजेडात बाळाचा पिवळेपणा दिसतच नाही. रोज सकाळी त्याला खिडकीपाशी आणून, कपाळावर, छातीवर आणि पायावर अंगठा हलकेच दाबून उचलावा आणि खालच्या त्वचेचा रंग पाहावा, ही सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी.

न्हाऊमाखू हा या सव्वा महिन्याचा सोहळा. त्यासाठी मालवणात घरोघर मुठेल काढतात. पिकलेले नारळ खवून त्यांचा दाट रस पिळायचा, तो लोखंडी कढईत मंद आचेवर तासन्‌तास आटवायचा. पाणी उडून गेले की वर पाण्यासारखे नितळ तेल तरंगू लागते आणि तळाशी तपकिरी बेरी बसते. तेल गाळून बाटलीत भरायचे, आणि घरभर जो खरपूस गोड वास दरवळतो त्यावरूनच शेजारणींनी ओळखायचे की लेक बाळंतपणाला आली. या तेलाची बाजू विज्ञानानेही उचलून धरली आहे. शीवच्या त्याच लोकमान्य टिळक रुग्णालयात खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा एक पद्धतशीर प्रयोग झाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार खोबरेलाने चोळलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन अधिक वेगाने वाढले. तेव्हा मुठेल अवश्य असावे. फक्त हात हलका असावा, नाकाकानांत तेल सोडू नये, आणि डोके गोल करण्यासाठी ते दाबण्याचा खटाटोप करू नये. नाळ गळेपर्यंत पाण्यात बसवून न्हाऊ घालण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणे चांगले.

आंघोळीमागून येणाऱ्या धुरीबद्दल मात्र असा कौल देता येत नाही. वेखंड, ओवा, बाळंतशेप यांचा धूर सुगंधी असला तरी धूर तो धूरच. मिनिटाला चाळीस-पन्नास श्वास घेणाऱ्या इवल्याशा फुप्फुसांना तो जाचतो. डोळ्यांतील काजळाने डोळे मोठे होत नाहीत, मात्र विकतच्या काजळात शिसे असू शकते. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच तर तळपायाला लावावी. राहता राहिली बाळगुटी. सहाणेवर आईच्या दुधात हळकुंड, वेखंड, जायफळ, हिरडा, मुरडशेंग, सुंठ, अतिविष यांचे मोजून वेढे द्यायचे, आणि तो वेढ्यांचा हिशेब ज्या आजीच्या बोटांत मुरला आहे तिचा दरारा केवढा! पण सहाण धुतली कशी, मुळी साठवली कशी यावर बाळाचे पोट अवलंबून राहते, आणि जायफळाचा वेढा जास्त झाला तर येणारी झोप ही औषधाची गुंगी असते. सहा महिने ही पेटी बंद ठेवावी.

झोपेचे बोलायचे तर बाळ दिवसाकाठी सोळा-सतरा तास झोपते, पण सलग नव्हे. दिवस कोणता व रात्र कोणती हे सांगणारे शरीरांतर्गत घड्याळ दोन-तीन महिन्यांनी चालू लागते. जागरण तर बाळंतिणीच्या पाचवीलाच पुजलेले! बाळाला नेहमी पाठीवर निजवावे, त्याच्याभोवती उशा-गोधड्यांचे ढीग रचू नयेत. त्याचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाऊन सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेस पोहोचते आणि नंतर उतरते, हा जगभरचा अनुभव. पोट भरलेले, लंगोट कोरडा, अंग कोमट असूनही ते सांजवेळी तासभर रडले, तर त्यात आईचा काही अपराध नसतो.

हे मुद्दाम सांगावे लागते, कारण या पंचांगात सर्वांत कमी नोंद आईच्या मनाची आहे. प्रसूतीनंतर पहिल्या आठवड्यात विनाकारण रडू येणे निम्म्याहून अधिक स्त्रियांना होते आणि दहा-बारा दिवसांत जाते. ते न जाता उदासी ठाण मांडून बसली तर तो आजार होय. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयातील मातांची पाहणी केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांप्रमाणे प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य जडलेले होते, आणि दारिद्र्य, नवऱ्याचा जाच व मुलगी झाल्याची नाराजी ही त्याची कारणे ठळकपणे पुढे आली. म्हणजे 'पुन्हा चेडूच काय?' हा पडवीतून सहज फेकलेला प्रश्न एखाद्या बाईला आजारी पाडू शकतो. जी बाळंतीण जेवत नाही, बाळाकडे पाहत नाही, मूल झोपले असतानाही जिला झोप येत नाही, तिला दृष्ट काढण्याआधी डॉक्टरकडे न्यावे.

आणि बाप? मालवणी घरातील बाप पिढ्यान्‌पिढ्या मुंबईचा चाकरमानी. मुलगा झाल्याची वार्ता त्याला पत्राने कळायची आणि त्याचे कर्तव्य मनीऑर्डरीने पुरे व्हायचे. आता तो रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरून सकाळी घरी येऊ शकतो, पण मुक्काम रजेवर ठरतो. बाळंतपणाच्या रजेचा हक्क आपल्याकडे सहजी मिळालेला नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात या विषयाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेच्या विश्रांतीचा प्रश्न राष्ट्रहिताचा ठरविला, आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभ कायदा झाला. आज नोकरदार मातेला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. केंद्र सरकारच्या नोकरांना बाप म्हणून १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत मात्र मालकाच्या मर्जीवर सारे. मिळालेल्या दिवसांत बापाने करण्याजोगे पुष्कळ आहे. रात्रीचे लंगोट बदलावे, पाहुण्यांची गर्दी आवरावी, आणि जन्माची नोंद वेळेत करावी. १९६९ च्या कायद्याप्रमाणे तिची मुदत २१ दिवसांची. नाव ठरलेले नसले तरी नोंद होते आणि ते मागाहून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागणार असल्यामुळे हा कागद बारशाच्या घुगऱ्यांइतकाच अगत्याचा झाला आहे.

सरकारी पंचांग आले कोठून, हेही सांगितले पाहिजे, कारण ते महाराष्ट्राच्याच मातीत उगवले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत साधारण शिकलेल्या गावकरी बायकांना नवजात बालकाची तपासणी शिकविली. वजन करणे, ऊब राखणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून तीन वर्षांत सुमारे २५ वर आले, आणि हा वृत्तांत १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याच पद्धतीवर आधारलेली गृहभेटींची योजना २०११ पासून देशभर लागू झाली. आज मसुरे, आचरा, देवबाग अशा कोणत्याही गावी आशाताई दारात येते, हात धुते, झोळीच्या काट्यावर बाळ तोलते, बगलेत थर्मामीटर लावते, मग त्याचे पोट उघडे करून घड्याळाकडे पाहत पुरे एक मिनिट श्वास मोजते. साठ किंवा त्याहून अधिक श्वास, दूध ओढणे बंद, अंग गार किंवा फार ऊन, छातीचा भाता आत ओढला जाणे, झटके, हलविल्यावाचून हालचाल न करणे, यांतील एकही लक्षण दिसले तर १०८ क्रमांकाची गाडी बोलवायची. सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. तशीच बाईला ताप, दुर्गंधी स्राव किंवा अतिरक्तस्राव झाला तरी. या साऱ्या भेटींबद्दल तिला मिळतात २५० रुपये. बाळंतिणीला भेटायला येणाऱ्या सगळ्या माणसांत कामासाठी येणारी ती एकटीच असते.

बेचाळिसाव्या दिवशी तिचा तक्ता भरून संपतो, सहा आठवड्यांच्या लसींची तारीख येते, आणि त्याच सुमारास जुन्या हिशेबाने सव्वा महिना उलटून लेक सासरी जायला मोकळी होते. दोन्ही पंचांगांचा ताळा घातला तर विश्रांती, ऊब, तेल, पेज आणि चार जाणत्या बायकांचा राबता ही जमेची बाजू आजीकडून येते. चीक, कोरडी नाळ, उजेडाची खोली आणि घड्याळावर मोजलेला श्वास ही आशाकडून. दोघींत भांडण लागले म्हणजे नव्या आईची ओढाताण होते, म्हणून पहिल्याच भेटीच्या वेळी आजीला बाजूला बसवून आशाताईने तिच्या हाती घड्याळ द्यावे आणि श्वास मोजायला शिकवावे. आशा ही नियमानेच त्या गावची रहिवासी, बहुधा त्याच वाडीतील कोणाची तरी सून असते. आणखी तीस वर्षांनी घरोघरच्या बाळंतिणींना हुकूम सोडणारी आजीही तीच असणार आहे.